मदत हवी आहे: ॲडब्लॉकरवाल्यांना साइटवर येऊ द्यावं की नाही?

खोडरबर
नमस्कार. माझी एक मोफत साइट आहे. गेले दोन महिने जाहिरातींचं उत्पन्न निम्म्याखाली आलंय, सर्व्हरचं भाडंही सुटत नाही. कारण उघड आहे. जाहिराती अडवणारा ब्लॉकर लावून येणाऱ्याला लेखाऐवजी 'ब्लॉकर बंद करा, मग वाचा' अशी पाटी दाखवायची आहे. तसा कोड कुठे मिळेल? रविवारी बसवायचाय. ब्लॉकर चांगला की वाईट ही चर्चा कृपया नको.

रात्रपाळी
साइट कशाची? लोक मोबाइलवरून येतात की संगणकावरून? वाचकही घटलेत का?

खोडरबर
जुन्या रेडिओंची सर्किटं आणि दुरुस्ती. वाचक घटलेत, ॲनालिटिक्समध्ये (वाचक मोजणाऱ्या साधनात) दिसतंय. पण याचा काय संबंध? कोड हवाय.

आगाऊ_कार्टं
फायरफॉक्स घ्या, त्यावर युब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर टाका. कटकट संपली. क्रोमवर आता त्याची फक्त लाइट आवृत्ती चालते, ती तितकी तिखट नाही.

खोडरबर
अहो, मी जाहिराती दाखवणारा आहे!

जुनंखोड
पाटीचा प्रयोग जुना आहे. 2010 मध्ये आर्स टेक्निका या तंत्रज्ञानाच्या साइटने बारा तास ब्लॉकरवाल्यांना मजकूरच दाखवला नव्हता. काहींनी ब्लॉकर उठवला, काहींनी सदस्यत्व घेतलं, बाकीच्यांनी शिव्या घातल्या. ती एवढी मोठी साइट होती. तुमचा वाचक दुसरीकडे सर्किट शोधेल, एवढंच. पण मूळ मुद्दा मान्य: सगळ्यांनीच ब्लॉकर लावले तर फुकटचं वाचायला उरणार काय?

निमूट
लोक हौसेने लावतात का ब्लॉकर? डिसेंबर 2022 मध्ये खुद्द एफबीआयने सांगितलं होतं की सर्चमध्ये खोट्या कंपन्यांच्या जाहिराती येतात, ब्लॉकर वापरा. मी एका साइटवर 'डाउनलोड'ची चार हिरवी बटणं बघितली होती. त्यातलं खरं एकच, तेही सगळ्यांत बारीक. आणि विकिपीडिया चालतोच की देणग्यांवर.

जुनंखोड
आलाच विकिपीडिया! रेडिओच्या सर्किटांना कोण देणगी देणार?

निमूट
मग सभ्य जाहिराती लावा. ॲडब्लॉक प्लस हा ब्लॉकर 2011 पासून तशा जाऊ देतो.

जुनंखोड
जाऊ देतो, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे पैसे घेतो. आधी रस्ता अडवायचा, मग टोलनाका टाकायचा. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे कायदेशीर ठरवलं, हे ठाऊक आहे मला. म्हणून ते नाक्याचं देऊळ होत नाही.

रात्रपाळी
भांडण आवरा जरा. धागाकर्ते, दोन गोष्टी. एक, ब्लॉकर बहुतेक वेळा ॲनालिटिक्सची स्क्रिप्टही अडवतो, त्यामुळे तिथला आकडा धरू नका. सर्व्हरचा लॉग (येणाऱ्या प्रत्येकाची नोंद) बघा, बॉट म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम वगळून. दोन, उत्पन्न कशाने घटलं: इंप्रेशन (जाहिरात जितक्या वेळा दिसली तो आकडा) कमी झाली, की हजार इंप्रेशनमागचा दर पडला?

खोडरबर
लॉगमध्ये वाचक जवळपास तेवढेच आहेत. इंप्रेशन थोडी कमी. दर मात्र निम्म्यावर आलाय. म्हणजे ब्लॉकरच ना?

रात्रपाळी
उलट. ब्लॉकरवाल्याच्या ब्राउझरमधून जाहिरातीची मागणीच जात नाही, म्हणून तो मोजला जात नाही. ब्लॉकर वाढले तर इंप्रेशन घटतील. जी मोजली गेली त्यांचा दर निम्मा व्हायला दुसरं काहीतरी कारण हवं. दोन महिन्यांपूर्वी काय बदललं?

खोडरबर
काहीच नाही. सर्व्हर बदलला फक्त.

रात्रपाळी
'फक्त'!! साइटच्या मूळ फोल्डरमधली ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल नव्या सर्व्हरवर आणलीत का? तुमच्या साइटवरची जागा विकायचा अधिकार कुणाकुणाला आहे, ती यादी असते त्यात. 2017 पासून आहे हा प्रकार. फाइल नसेल तर बरेच खरेदीदार बोलीच लावत नाहीत. बोली लावणारे कमी, म्हणून भावही कमी.

आगाऊ_कार्टं
अवांतर: पाटी लावलीत तर ती उडवणारे फिल्टरही निघतात. आम्ही वापरतो. 😄

खोडरबर
ब्राउझरमध्ये पत्ता टाकून बघितलं. 404, म्हणजे फाइलच नाही. लेख, चित्रं सगळं आणलं होतं, ती इवलीशी फाइल राहिली. आता चढवली आहे, दर आठवडाभर बघून इथेच कळवतो. पण इंप्रेशनही थोडी घटलीच आहेत हे विसरू नका. तेवढे तरी ब्लॉकरवालेच असणार.

रात्रपाळी
असतील. रेडिओ उघडून बसणारी मंडळी ती, ब्लॉकर लावल्याशिवाय राहतील होय? पाटी तूर्त नको. वरच्या बाजूला साधी एक ओळ लिहा, साइट कशावर चालते ती. आणि सर्किटच्या चित्रावर येणारी ती तरंगती जाहिरात काढा. मी आत्ताच बघून आलो, नेमका कंडेन्सरचा आकडा झाकला जातो.

खोडरबर
ती जास्त पैसे देते हो.

निमूट
बघा! 😡

वाटसरू
धागा पूर्ण वाचला नाही. टीव्हीवर यूट्यूबच्या जाहिराती कशा बंद करायच्या, कुणी सांगेल का?