कारेन कार्पेंटरचा खालचा आवाज आणि बाबांची कॅसेट

सुरंगी_वेंगुर्ला

मंडळी, 'कार्पेंटर्स' ऐकणारं इथे कुणी आहे का? रिचर्ड आणि कारेन, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली गाणारी भाऊ-बहीण.

माझे बाबा बोटीवर होते. १९८२ साली जपानहून येताना त्यांनी टू-इन-वन आणला आणि सोबत यांची एक कॅसेट, १९६९ ते १९७३ मधल्या गाजलेल्या गाण्यांची. संध्याकाळी खळ्यात ती लागायची. पावसात फितीवर पांढरी बुरशी धरायची. मग बाबा पेन्सिल घालून फीत हळूहळू फिरवत आणि मी कॅसेटच्या उघड्या तोंडाशी मलमलीचा तुकडा धरून बसायचे. एक बाजू पुसायलाच अर्धी दुपार जायची.

माझा आवाज लहानपणापासून जाड. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी सांगितलं, तू नुसते ओठ हलव. रडत घरी आले. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी कॅसेट लावली आणि म्हणाले, "आयक गे बाय, ही पण खालीच गाता."

पुढच्या फेब्रुवारीत ते बोटीवर असताना कारेन गेली. ४ फेब्रुवारी १९८३, वय अवघं ३२. बाबांच्या पत्रात एकच ओळ होती, "आपली कारेन गेली."

माझं इंग्रजी बेताचं. अर्धे शब्द आजही कळत नाहीत, तरी चाळीस वर्षांत ही गाणी शिळी झाली नाहीत. हे कशामुळे? आणि दुसरं, फोनवर 'टॉप ऑफ द वर्ल्ड' ऐकलं तर ते कॅसेटमधल्यासारखं वाटत नाही. माझा कान चुकतोय का?

पेटीवाला_देवगड

ताई, पहिल्याचं उत्तर तुमच्या बाबांनीच दिलंय. खाली उतरलं की बहुतेकांचा आवाज फुसका होतो. कारेनचा उलट भरतो. 'रेनी डेज अँड मंडेज' लावा. सुरुवातीला माउथ ऑर्गन वाजतो आणि मग ती येते ती शेजारी बसून बोलल्यासारखी. कुठे जोर नाही, हरकती नाहीत, शब्दाचं शेवटचं अक्षरसुद्धा गिळत नाही. भाषा न कळणाऱ्यालाही भाव पोचतो तो यामुळे, असं माझं मत.

मागे जो कोरस वाटतो तो कोरस नाहीच. दोघं भावंडंच एकावर एक आपलेच आवाज चढवत गेलीत. 'क्लोज टू यू'चा शेवट हेडफोन लावून ऐका. १९७० साली हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरावर होतं.

खारा_वारा

मला ही गाणी फार गुळचट वाटायची, खरं सांगतो. मग 'गुडबाय टू लव्ह' ऐकलं. १९७२चं गाणं. इतक्या हळव्या गाण्यात टोनी पेलुसोची करकरीत, फाटल्यासारखी गिटार घुसते. तेव्हाच्या काही चाहत्यांनी चिडून पत्रं लिहिली होती म्हणे. माझं मत तिथेच बदललं.

निवृत्त_सारंग

मीही बोटीवर होतो. जपानी बंदरात उतरलं की दुकानात हमखास यांचं गाणं कानावर पडायचं, त्या देशानं यांना फार जीव लावला.

तुमचा कान अगदी बरोबर आहे. 'टॉप ऑफ द वर्ल्ड' आधी १९७२च्या 'अ साँग फॉर यू' या अल्बममध्ये आलं. सिंगल, म्हणजे ते एकच गाणं सुटं काढायचं ठरलं तेव्हा कारेनला आपलं पहिलं गाणं पसंत पडेना, म्हणून ती पुन्हा गायली. ते १९७३च्या डिसेंबरात पहिल्या नंबरावर गेलं. बाबांच्या कॅसेटवर हे दुसरं. फोनवर तुम्हाला बहुधा अल्बममधलं लागतंय. 'द सिंगल्स १९६९-१९७३' असं शोधा.

मृदंगमणी

एक राहिलं. ती मुळात ड्रमर! गाता गाता वाजवायची. ड्रममागे बसली की प्रेक्षकांना दिसत नसे, म्हणून तिला पुढे आणून उभं केलं. आमच्या भजनातही मृदंग वाजवत गाणारा ताल सोडून कधी पळत नाही. तिच्या गाण्यातला तो ठेहराव मला तिथलाच वाटतो.

सुरंगी_वेंगुर्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. सारंगकाका, सापडलं! पहिल्याच ओळीला ओळखलं. आईला ऐकवलं. ती सोलं वाळत घालत होती, हात तसेच ठेवून म्हणाली, "ह्या तुझ्या बापाशीचा गाणा मां?"

आणखी एक सांगते. आमच्या महिला भजनी मंडळात पट्टी, म्हणजे पेटीवरचा मूळ 'सा', काळी चार. वरच्या 'सा'ला माझा आवाज फाटतो, म्हणून मी कायम मागे बसून टाळ धरते. पेटीवालादादांचं वाचलं आणि काल आमच्या पेटीवालीला म्हटलं, एक अभंग खालच्या काळी एकमध्ये घेऊया, मी सांगते. तिनं सूर दिला. पहिलं चरण मी एकटीनं म्हटलं. बाकीच्यांना तो खालचा सूर गाठेना, तेव्हा त्या वरच्या सप्तकातून आल्या. खाली मी एकटी आणि वर त्या सात जणी. अभंग संपल्यावर पेटीवालीनं भाता सोडला नाही, सूर तसाच धरून ठेवला आणि म्हणाली, "परत घे."