मनोहर जोशींनी युती सरकार कसे टिकवले?

प्रश्न : रायगडमधील नांदवीचे मनोहर जोशी १९९५ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा २८८ पैकी शिवसेनेच्या ७३ आणि भाजपच्या ६५ जागा होत्या, मग अपक्षांच्या भरवशावर त्यांनी जवळजवळ चार वर्षे कशी काढली?

उत्तर : गृहखाते उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्याकडे होते, म्हणजे भाजपला सत्तेत खरा वाटा होता. माझ्या मते हेच निर्णायक ठरले.

उत्तर : आम्हा गुहागरकरांना मात्र एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्पच आठवतो. ऑगस्ट १९९५ मध्ये रद्द केलेला करार फेरवाटाघाटींनंतर याच सरकारने पुन्हा मान्य केला, आणि दाभोळच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे अंजनवेलची धुराडी दिसली की तो सल अजूनही जागा होतो.

उत्तर : पहिल्या उत्तराशी सहमत आहे, परंतु जानेवारी १९९९ मध्ये जोशी पायउतार झाले, ते शिवसेनाप्रमुखांच्या आदेशावरून. त्यांच्या जागी आलेले नारायण राणेही कोकणातलेच.