हवेतला कार्बन डायऑक्साइड: माझ्या मीटरवर दिवसभरात वेगवेगळे आकडे, मग ‘४३०’ येतो कुठून?

माळावरचा_मास्तर

वाळवा तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. कोरोनानंतर वर्गात हवा खेळती राहते का ते बघायला कॉलेजने कार्बन डायऑक्साइडचं एक हातात मावणारं मीटर घेतलं होतं. ते कपाटातच पडून होतं, गेल्या महिन्यात बाहेर काढलं.

बारावीचा वर्ग, ६४ मुलं, थंडीमुळे खिडक्या बंद: तास संपताना २१४० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग. दारं-खिडक्या उघडल्यावर पंधरा मिनिटांत ७००. दुपारी तीनला गच्चीवर ४०३. आणि पहाटे साडेपाचला घरामागच्या उसाच्या बांधावर ५५१! आजूबाजूला ना गाडी, ना चूल, ना माणूस.

आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा एका मुलीने विचारलं, “सर, हवेत ४३० पीपीएम झाला असं वाचलं. तो नेमका कुठे उभं राहून मोजला?” मला उत्तर देता आलं नाही. शोधून सांगतो म्हणालो. मीटर बिघडलंय का, आणि बिघडलं नसेल तर अख्ख्या पृथ्वीचा एक आकडा कसा काढतात, कुणी नीट सांगेल का?

खोडवा_७२

सर, मीटर ठीक आहे. रात्री ऊसही श्वास सोडतो आणि त्याखालची जमीनही. पाचट कुजत असेल तर अजूनच. थंडीत वारा पडलेला असतो, गार हवा जमिनीला चिकटून बसते, वरच्या हवेत मिसळतच नाही. ऊन चढलं की ऊस ओढायला लागतो आणि हवाही ढवळते. नऊ-दहाला पुन्हा मोजा, उतरलेला दिसेल.

काचेची_सुरई

सर, मी एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं हवेचे नमुने तपासायचं काम केलं. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इतका नेमका आहे की सविस्तर लिहिते.

तुम्ही बांधावर जे पाहिलंत तेच १९५५ साली चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात बिग सर इथल्या जंगलात पाहिलं. त्याला खरं तर नदीच्या आणि भूगर्भातल्या पाण्यातला कार्बोनेट तपासायचा होता. त्यासाठी आसपासच्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती हे कळायला हवं होतं, आणि तेव्हाच्या छापील आकड्यांत कुठे मेळच नव्हता. मग त्याने स्वतःच मापक बांधला. पाच लिटरचे निर्वात केलेले काचेचे फ्लास्क घेऊन तो तिथे मुक्कामाला राहिला आणि दिवसा-रात्री दर काही तासांनी नमुने घेतले. रात्री आकडा चढायचा, दिवसा उतरायचा. दुपारी मात्र तो ३१० च्या आसपास येऊन थांबायचा. दुसऱ्या जंगलात गेला, डोंगरावर गेला, वाळवंटात गेला, तरी दुपारी तेच ३१०. रात्री वाढलेला वायू झाडा-मातीतून आलाय हे त्याने कार्बन-१३ च्या, म्हणजे कार्बनच्या थोड्या जड प्रकाराच्या, प्रमाणावरून ताडलं. ऊन तापलं की खालची हवा खूप उंचापर्यंत मिसळते, म्हणून दुपारी त्या जागेचा आकडा न मिळता बऱ्याच मोठ्या पट्ट्यातल्या हवेचा आकडा मिळतो. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. रात्रीचे नमुने घेतले नसते तर दुपारचं महत्त्व कळलंच नसतं.

पुढे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८, अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास करायचा उपक्रम) निमित्ताने त्याला स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत बोलावलं गेलं आणि हवाई बेटावर मौना लोआच्या उतारावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, यंत्र बसलं. मार्च १९५८ मध्ये पहिली नोंद झाली, ३१३ पीपीएम. नंतर वीज गेली, यंत्र बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. मेपर्यंत आकडा चढला, मग उतरत गेला, हिवाळ्यात पुन्हा चढू लागला. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वायू ओढतात आणि पानगळीनंतर परत सोडतात, त्याची ती नोंद होती. तिथे हा चढउतार वर्षाला साधारण सहा पीपीएमचा असतो. पण दुसऱ्या वर्षीचं शिखर पहिल्यापेक्षा उंच आलं, तिसऱ्या वर्षीचं त्याहून. तुमच्या विद्यार्थिनीने वाचलेला ४३० म्हणजे तिथलीच मे २०२५ ची सरासरी. मे हा वर्षातला सर्वांत चढा महिना असतो, हेही तिला सांगा. २०२४ ची वर्षभराची सरासरी ४२४ च्या थोडी वर होती.

आता तुमच्या मीटरविषयी. त्यात आहे तेच तत्त्व मौना लोआच्या पहिल्या यंत्रात होतं: हा वायू अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश गिळतो, किती गिळला त्यावरून प्रमाण काढायचं. फरक तुलनेचा आहे. तिथे हवा आधी गोठणबिंदूच्या खूप खाली नेऊन बाष्प काढून टाकतात आणि ठरावीक वेळाने यंत्रातून अशा सिलिंडरचा वायू सोडतात ज्याचं प्रमाण आधीच काटेकोर ठरवलेलं असतं. यंत्र सरकलं की लगेच कळतं. घरगुती मीटरमध्ये सिलिंडर कुठून आणणार? म्हणून बऱ्याच मीटरमध्ये एक सोय असते. गेल्या काही दिवसांतलं सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची हवा असं धरून मीटर तिलाच ४०० मानतं. तुमच्या गच्चीवरचे ४०३ बहुधा तसेच आलेत. ते मोजलेलं कमी आणि गृहीत धरलेलं जास्त आहे. मेनूत ती स्वयंचलित दुरुस्ती बंद करता येते का बघा. तरीही पाच-पन्नास इकडेतिकडे होणारच. त्याची काळजी करू नका, बांध आणि वर्ग यांतला फरक त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आमचा एक अनुभव सांगते. एकदा सलग दोन आठवडे सगळे नमुने तीन पीपीएम जास्त दाखवत होते. हवा ओढणाऱ्या नळीच्या जोडाला केसाएवढी फट होती आणि तिथून खोलीतली हवा, म्हणजे आमचेच श्वास, आत जात होते. हल्ली वर्षाला वाढ होते ती अडीच पीपीएमच्या आसपास. म्हणजे त्या फटीने आम्हाला वर्षभरापेक्षा जास्त पुढे नेऊन ठेवलं होतं! पंधरा दिवसांचं सगळं काम फेकावं लागलं. मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून जोडाला हात लावला की तीनदा तपासते.

म्हणून नमुना घेताना वाऱ्याकडे तोंड करायचं, दीर्घ श्वास घेऊन रोखायचा, चार पावलं पुढे जायचं आणि मगच फ्लास्कची तोटी उघडायची. मुलांना हे जरूर करायला लावा, त्यांना फार आवडेल.

सह्याद्रीत_भटकणारा

ताई, एक शंका. मौना लोआ तर जागृत ज्वालामुखी. ज्वालामुखीतूनही हाच वायू निघतो ना? मग तिथला आकडा धरायचा कसा?

काचेची_सुरई

बरोबर जागी बोट ठेवलंत. कीलिंगला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. वरच्या भेगांतला वायू कधी कधी रात्री उताराने खाली येतो. पण तो आला की वाचन काही मिनिटांत वेडंवाकडं उडतं. समुद्रावरून आलेली मिसळलेली हवा तासन्‌तास स्थिर असते. वाऱ्याची दिशा आणि ही स्थिरता बघून ज्वालामुखीच्या वायूचे तास वगळतात. दुपारी उलट खालच्या झाडीतली हवा वर चढते आणि आकडा थोडा कमी दाखवते, तेही तास वगळतात.

दुसरी खात्री दक्षिण ध्रुवाची. तिथे ना झाड ना ज्वालामुखी, पण वाढ तीच. शिवाय अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेने १९७४ पासून मौना लोआवरच स्वतंत्र मोजणी सुरू केली, दोन्ही नोंदी जुळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्वालामुखी खरोखर फुटला तेव्हा लाव्ह्याने रस्ता आणि वीज तोडली आणि शेजारच्या मौना केआवर तात्पुरती सोय करावी लागली.

ज्वालामुखीपेक्षा मोठा खंड पैशाने पाडला होता. १९६४ मध्ये निधी कापला गेला आणि काही महिने नोंदच नाही. आलेखात ती जागा आजही रिकामी आहे. मला ती बघवत नाही, कारण त्या महिन्यांची हवा आता कुणालाच पुन्हा मोजता येणार नाही.

काणकोणकार

आमच्या गोव्याचंही नाव घ्या! काबो द रामच्या कड्यावर १९९३ पासून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या सहकार्याने फ्लास्क भरले जात होते आणि तपासायला तिकडे पाठवले जात. जागा अशी निवडली की पावसाळ्यात वारा थेट समुद्रावरून येतो, त्यात दक्षिण गोलार्धाची स्वच्छ हवा. हिवाळ्यात वारा फिरला की त्याच कड्यावर देशाच्या आतली, शेतं आणि शहरं ओलांडून आलेली हवा मिळते, आकडा वाढलेला. तुमच्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून सिंहगडावर असेच नमुने घेतलेत. पिठलं-भाकरी खायला गडावर जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

माळावरचा_मास्तर

सगळ्यांचे, विशेषतः ताईंचे मनापासून आभार. तुमचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. स्वयंचलित दुरुस्ती बंद करायचा पर्याय सापडला, केला.

शनिवारी रात्री मुलं आणि दोन पालक बांधावर बसले. दव पडतं म्हणून मीटर विटेवर ठेवून वर भाताची चाळणी पालथी घातली. जवळ जाताना श्वास रोखायचा, आकडा बघायचा, दहा पावलं मागे येऊन मोठ्याने सांगायचा. वहीत दर अर्ध्या तासाची नोंद आहे: रात्री दहाला ४६८, दोनला ५१७, पहाटे सहाला ५६२. सातला ऊन आलं तरी अर्धा तास हलला नाही. मग भराभर उतरला, साडेनऊला ४३८. त्याच मुलीने आलेख काढलाय, साडेसातपासूनची उतरण तिने हिरव्या पेनाने काढली आहे.

या प्लॉटला येत्या आठवड्यात तोड लागणार आहे. ऊस गेल्यावर त्याच विटेवर, त्याच चाळणीखाली पुन्हा रात्रभर मोजायचं ठरलंय. खोडवा_७२, पाचट न जाळता तसंच ठेवलं तर कितव्या दिवशी मोजणं योग्य राहील?