डेमो कार घ्यावी का? ७,४०० किमी, एमएच-०४ पासिंग

घोडबंदरकर: ठाण्यात एका डीलरकडे डेमो गाडी (शोरूमने टेस्ट ड्राइव्हला वापरलेली) विकायला आहे. कॉम्पॅक्ट एसयूव्ही, पेट्रोल मॅन्युअल, आरसी नऊ महिन्यांची, ७,४०० किमी. मागतायत ११.९० लाख, नवीचं ऑन-रोड कोटेशन १३.५० लाख. आठ लाख कर्ज काढावं लागेल. सौदा बरा आहे का? टोकन देण्याआधी काय बघू?

हिशेबनीस: १३.५० हा आकडा आधी बाजूला ठेवा. त्याच मॉडेलवर आज प्रत्यक्षात किती सूट मिळते ते ठाण्यातला दुसरा एक आणि तुर्भे-नेरूळकडचा एक, अशा दोन डीलरकडून लेखी घ्या. ५० हजार सुटले तर नवी १३ ला पडते, म्हणजे फायदा १.६० नाही, १.१० लाख.

आता कर्ज. आरसीवर पहिला मालक डीलरची कंपनी, त्यामुळे बँक हे युज्ड कार लोन धरते. समजा नवीला ९ टक्के आणि हिला १२. आठ लाख, पाच वर्षं: हप्ता १६,६०७ ऐवजी १७,७९६. साठ हप्त्यांत ७१ हजार जास्त गेले. उरले ३९ हजार, त्यात वॉरंटीचे नऊ महिने संपलेले आणि पुढे विकताना तुम्ही दुसरे मालक. ११.९० ला अजिबात घेऊ नका. ११ च्या आत येत असतील तरच बोलणी पुढे न्या.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २८ टक्के अधिक सेसवरून १८ वर आली. आरसी त्याआधीची असेल तर सूट जुन्या किमतीवरून मोजून दाखवतात. आणि कंपनीच्या नावावर २० टक्के रोड टॅक्स भरलाय असं सांगतील. खरं आहे, पण व्यक्तीच्या नावावर १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ च लागतो. तो फरक तुम्ही का सोसायचा?

पाना_पक्कड: डेमो गाडी छोट्या छोट्या फेऱ्यांत चालते. इंजिन गरम व्हायच्या आत दामटतात आणि निम्मे लोक क्लचवर पाय ठेवूनच चालवतात. म्हणून मॅन्युअलमध्ये क्लच आधी तपासा. गायमुखच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय. क्लच प्लेट झिजेचा भाग, वॉरंटीत मिळत नाही. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून ब्रेक मारा. पेडल थरथरलं तर डिस्क वाकडी झालीय.

टायरवरचे शेवटचे चार आकडे चारही चाकांवर वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. एकच टायर वेगळा निघाला तर का बदलला ते विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीखालचा खळगा उघडा. चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. शेसी नंबरवरून सगळ्या जॉबकार्डांची (वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदींची) प्रिंट मागा. डीलरचं बॉडीशॉप स्वतःचंच असतं, डेंट आतल्या आत निघतो. प्रिंट द्यायला टाळाटाळ झाली तर मी सौदा सोडेन.

घोडबंदरकर: धन्यवाद! त्यांच्याच वर्कशॉपची कर्टसी कारही आहे (स्वतःची गाडी दुरुस्तीला असताना ग्राहकाला वापरायला देतात ती), तेच मॉडेल, १४,००० किमी. ती नकोच ना?

पाना_पक्कड: उलट तीही बघा. ग्राहक ती दिवसभर ठेवतो, फेऱ्या लांब होतात, क्लच बरा निघू शकतो. गाडी लिफ्टवर चढवून खालचे ओरखडे मात्र बघा. किमीच्या मानाने भाव कमी हवा.

पनवेल_४६: कागदांचं सांगतो. एमपरिवहन ॲपवर आरसी, विमा, बँकेचा बोजा (गाडीवरचं कर्ज) तपासा, ई-चलन वेगळं बघा. बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. गाडी नावावर करायला फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, त्यावर कंपनीच्या अधिकृत सहीदाराची सही-शिक्का, सोबत बोर्ड रेझोल्यूशन. वॉरंटी कधी सुरू झाली ते डीलरच्या तोंडी शब्दावर सोडू नका, उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवेकडून शेसी नंबरवर खात्री करा. एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत घ्यावी लागते, ती सौद्यातच मागा.

विमा १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम अडतो. दहा लाखांच्या वरच्या बिलावर एक टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गोळा करायचा आयकर) लावतील. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो, रिटर्नमध्ये वळता होतो. टोकन परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या, आणि सही झालेले फॉर्म हातात आल्याशिवाय बाकीची रक्कम सोडू नका.