प्राणी महामार्गाखालून कोठून जातील, याचे भाकीत करता येते का?

प्रश्न: राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचमध्ये वन्यप्राण्यांसाठी ५० ते ७५० मीटर रुंदीच्या नऊ वाटा आहेत. केवळ मापांवरून चितळ कोठून जाईल आणि वाघ कोठून, हे सांगता येईल का?

उत्तर १: काही अंशी. रुंदी गुणिले उंची, भागिले पुलाखालून चालण्याचे अंतर, असे मोकळेपणाचे गुणोत्तर काढतात, कारण कळपाने राहणाऱ्या चितळांना पलीकडचा उजेड दिसावा लागतो. परंतु मापे उत्तम असूनही तेथे माणसांची आणि गुरांची वर्दळ असेल, तर हे गणित कोलमडते. म्हणून ओढा, झाडोरा आणि जुन्या पायवाटाही जमेस धराव्यात.

उत्तर २: २०१९ मध्ये तेथील कॅमेऱ्यांत १८ प्रजाती टिपल्या गेल्या. मात्र पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो, तसे चितळाचे सहसा होत नाही. त्यामुळे शंभर छायाचित्रे म्हणजे शंभर चितळे नव्हेत. शिवाय नव्या वाटेची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या नोंदींवर बेतलेल्या प्रारूपावर मी तरी फार विसंबणार नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे कॅमेरे लावण्यापूर्वी ओढ्याकाठच्या ओल्या मातीतील खुरांचे ठसे पाहिलेले बरे. आभारी आहे.