सल्ला हवा: १९७८ ची पद्मिनी, पायाखालच्या मॅट कशाच्या आणि कुणाकडून करून घ्याव्यात? (बडोदा)

आबांचीगाडी
नमस्कार मंडळी. प्रीमियर पद्मिनी, १९७८, आबांनी नवी घेतलेली. स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. आबा गेले, गाडी माझ्याकडे आली. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री आमच्या सोसायटीत शिरली तेव्हा सीटला टेकेपर्यंत पाणी गाडीत होतं. इंजिनचं मिस्त्रींनी निभावलं. आतलं कार्पेट मात्र इतकं कुबट झालं होतं की काढून टाकलं, खालचा तागाचा नमदाही टाकला. तेव्हापासून गाडी नुसत्या पत्र्यावर चालते. उन्हाळ्यात आईचे पाय भाजतात आणि आवाज तर असा की शेजारी बसलेल्याशी बोलायला ओरडावं लागतं.

ऑनलाइन पाहिलं. पद्मिनी मूळची फियाटच्याच आराखड्याची, म्हणून ‘फियाट’ निवडलं की यादी पुंटो आणि लिनियापासून सुरू होते. पद्मिनीच्या नावाने एक सापडली, पण तिच्या फोटोत गिअरच्या दांड्यासाठी मधोमध भोक! स्टेशनकडच्या एका सीटकव्हरवाल्याला विचारलं तर गाडी न बघताच म्हणाला, “फियाट? हा हा, थई जशे” (होऊन जाईल). या ‘थई जशे’ची मला भीती वाटते.

रबर घ्यावं, कार्पेट घ्यावं, की हल्लीची ती सेव्हन-डी, म्हणजे उभ्या कडांची रेक्झिनची मॅट? चिकटवून टाकावी की सुटी ठेवावी? आणि बडोद्यात हे काम नीट करणारं कुणी आहे का? बजेट फार नाही, पण दोनदा खर्च करायची तयारी त्याहून नाही.

सयाजीगंज_एक्सप्रेस
सेव्हन-डी डोळे मिटून. माझ्या स्विफ्टला चार वर्षं झाली, एक थेंब खाली जात नाही. वरून फडकं मारलं की काम झालं.

रावपुराकर
एक्सप्रेसभाऊ, स्विफ्टमध्ये पाणी बुटांबरोबर वरून येतं. या गाड्यांत ते पुढच्या काचेच्या रबरातून आणि दरवाजातून येतं, म्हणजे मॅटच्या खालून. वरून एक थेंब आत जात नाही ती मॅट खालचा थेंब बाहेरही येऊ देत नाही. माझ्या आधीच्या पद्मिनीत हेच झालं. वरून रेक्झिन चकाचक, आणि एक दिवस जॅक लावला तर जॅक पत्र्यातून आत.

आबांचीगाडी, मॅटचं नंतर बघू. सध्या पत्रा उघडा आहे हे तुमचं नशीब समजा. अशी संधी पुन्हा मिळत नाही. पेचकसाच्या मुठीने सगळी जमीन ठोकून काढा. टणटण वाजलं तर पत्रा जिवंत आहे, भदभद वाजलं तर वर रंग दिसत असला तरी आत काही नाही. ड्रायव्हरची टाच टेकते ती जागा, सीटच्या रुळांचे बोल्ट, आणि दरवाजाच्या उंबऱ्याला पत्रा मिळतो ती कड नक्की बघा. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, गाळ असतो. तो कडेच्या घड्यांत बसतो आणि महिनोन्महिने ओल धरतो. आधी नळीने तो धुऊन काढा आणि दरवाजे उघडे टाकून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या.

मग पाण्याची परीक्षा. एकाने बाहेरून पुढच्या काचेवर नळी धरायची, दुसऱ्याने आत डॅशखाली टॉर्च घेऊन वाकून बसायचं. कोरड्या पत्र्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरली तर पाण्याची वाट स्वच्छ दिसते. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायच्या फटी असतात, त्या मातीने किंवा मागच्या रंगकामाने बुजलेल्या असतात. तारेने मोकळ्या करा. याला पैसा लागत नाही आणि निम्मं दुखणं इथेच जातं.

गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने घासा, गंज मारायचं फॉस्फोरिक अॅसिडवालं औषध लावा, वर रेड ऑक्साइडचा प्रायमर, मग रंग. भोक असेल तर पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

हे सगळं झाल्यावर मॅट. ती सुटीच हवी, महिन्यातून एकदा उचलून खाली हात फिरवता आला पाहिजे. चिकटवायचं नाही म्हणजे नाही.

अकोट्याची_अॅम्बी
काकांशी शंभर टक्के सहमत. त्यात माझा अनुभव घाला. आमची अॅम्बेसेडर मार्क-टू. तिच्यात दिव्याच्या डिपरचं, म्हणजे झोत खाली-वर करायचं बटण पायाशी असतं, क्लचच्या डाव्या बाजूला. कुशनवाल्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत सुंदर मरून कार्पेट बसवलं आणि बटण त्याच्या खाली गेलं. डभोईहून रात्री येताना समोरचे सगळे मला शिव्या घालतायत आणि मी कार्पेटवर पाय आपटतेय! बटण दाबलं जायचं, पण कार्पेटच्या जाडीमुळे सुटून वर येत नव्हतं.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा नमुना मी स्वतः कापला. तरी ड्रायव्हरची मॅट उलटी आली, म्हणजे डावीकडचा आकार उजवीकडे. कारागिराने कागद कार्पेटच्या पाठीवर ठेवून आखला होता आणि कागद पालथा करायला विसरला होता. तेव्हापासून प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरात ‘वर’ आणि पुढच्या दिशेला बाण. आणि कापताना आपण समोर उभं राहायचं, त्याला राग आला तरी.

आबांचीगाडी
ताई, नमुना कशाचा कापलात? वर्तमानपत्र फाटतं.

अकोट्याची_अॅम्बी
वह्यांना घालतो तो खाकी कागद, जाडातला. एका तुकड्यात कापायला जाऊ नका. मधला उंचवटा आहे ना, ज्याच्या खालून मागच्या चाकांकडे शाफ्ट जातो, त्यावर सपाट कागद कधीच बसत नाही. उंचवट्याचा तुकडा वेगळा, डावा-उजवा वेगळा. मोठा तुकडा थोडा लहानच कापायचा आणि कडेला चार-चार बोटांच्या पट्ट्या चिकटपट्टीने जोडत जायचं, म्हणजे कड बरोबर येते. पेडलपाशी कागदाला चीर देऊन दोन्हीकडून आणायचा. झाला की उचलून परत ठेवून बघा, पहिल्या वेळी हमखास कुठेतरी उभा राहतो.

कागदावर बरोबर बसला तरी कार्पेट जाड असतं, आतल्या वळणांना अर्धा सेंटिमीटर कमी धरा. मी धरला नव्हता, म्हणून एक कोपरा अजून वर येतो.

मांडवीचा_मेकॅनिक
सगळे दिसण्याबद्दल बोलताय, पेडलचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत ३८ लाख गाड्या मॅटवरून परत बोलावल्या. मॅट पुढे सरकून अॅक्सिलरेटर तिच्यात अडकायचा. ती नव्या जमान्याची कंपनी. आपल्याकडे तर मॅटवर मॅट घालायची पद्धत आहे.

मॅट बसली की इंजिन बंद ठेवून अॅक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबा आणि सोडा. फटकन वर आला पाहिजे. मग मॅट मुद्दाम जितकी पुढे सरकेल तितकी सरकवून पुन्हा तेच. क्लच आणि ब्रेकलाही. कुठे जरा जरी घासलं तर तिथली मॅट कापा, शोभेची काळजी नंतर. सरकू नये म्हणून ड्रायव्हरच्या मॅटला सीटच्या बाजूला दोन टिचबटणं मारा. वेल्क्रो धुळीने वर्षभरात मरतो. आणि बटणासाठी पत्र्याला भोक पाडायच्या आधी खाली वाकून ब्रेकची नळी कुठून गेली आहे ते बघा. हसू नका, पाडलेलं पाहिलंय.

लक्ष्मीविलास_फॅन
मूळ काय होतं त्याचा कुणी विचार करणार की नाही? जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली होती, तिथे दोन दिवस नुसता गाड्यांत वाकून जमिनी बघत हिंडलो. बायको म्हणाली, लोक राजवाडा बघतायत आणि तुम्ही पायपुसणी. पण चांगल्या गाडीची ओळख तिथेच पटते. उंबऱ्यावरच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीखाली किंवा मागच्या सीटच्या खाली मूळ कार्पेटचा तुकडा बहुतेक वेळा शिल्लक असतो. ऊन न लागल्यामुळे त्याचा रंगही खरा असतो. तो घेऊन दुकानात जा.

तुमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. मॅटवरून कुणी नोंदणी अडवणार नाही, पण रोजच्या वापराला मग ती गाडी चालत नाही. आईंना देवळात न्यायची असेल तर आत्ताची नोंदणीच बरी.

सयाजीगंज_एक्सप्रेस
बरं बाबा, सेव्हन-डी मागे घेतो. पण मग घालायचं काय ते तरी सांगा, सगळे काय घालू नका तेवढंच सांगताय 😀

रावपुराकर
रास्त. माझ्या आताच्या गाडीत तीन थर आहेत. पत्र्याला लागून बंद पेशींचा क्रॉसलिंक फोम, तो पाणी पीत नाही. त्यावर लूपचं नायलॉन कार्पेट, कडेला पट्टी शिवलेली. वर पायाशी साधी नळीदार रबराची मॅट, पावसाळ्यापुरती. तिन्ही सुटे. सायलेन्सरचा पाइप ज्या बाजूने जातो तिथे फोम न घालता नमदा ठेवला, उष्णतेने फोम आकसतो. काथ्याची मॅट दिसायला छान, पण तिचे केस पेडलखाली जमतात आणि साडीला अडकतात.

पट्टीचं कापड मंगळबाजारातून आणा, कारागिराकडे काळी आणि करडी एवढेच रंग असतात. आणि कारागीर गाडीचाच हवा असं नाही. माझं काम बॅगा शिवणाऱ्याने केलं, जाड सुईचं मशीन असल्याशी मतलब.

आबांचीगाडी
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी.

ठोकून पाहिलं. ड्रायव्हरच्या टाचेखाली भदभद. पेचकस जरा दाबला तर खालची फरशी दिसली. म्हणजे सेव्हन-डी घातली असती तर वर्षभराने मीच कार्टूनमधल्या फ्लिंटस्टोनसारखा पायांनी पळत गाडी चालवली असती. नवा पत्रा जोडला. पाण्याची परीक्षा केली तेव्हा डॅशखाली मुलीला बसवलं, तिला फार मजा आली. काचेच्या रबराच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून पावडरीत बारीक नदी वाहत होती. रबर बदललं. दरवाजाच्या फटींतून पुराचा गाळ निघाला, वाळलेल्या पापडासारखा.

मागच्या सीटखाली मूळ कार्पेटचा वीतभर तुकडा सापडला. आम्हा सगळ्यांना गाडीचं कार्पेट काळं आठवतं, तो निघाला गडद हिरवा. आईला दाखवला तर म्हणाली, “हिरवंच होतं, तुझ्या आबांनी काळं कधी केलं मला विचारलंसुद्धा नाही.” तेव्हा हिरवं.

शिवण छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडून घेतली. कापताना समोर उभा राहिलो, चाचांना राग आला, नंतर त्यांनीच चहा मागवला. कार्पेट, फोम, पट्टी आणि शिलाई मिळून साडेचार हजार लागले, पत्राकाम वेगळं. पेडलची परीक्षा दोनदा केली. पहिल्यांदा क्लचला घासलं, तिथली मॅट दोन बोटं रुंद कापली.

करजणची_पद्मिनी
सगळा धागा आत्ता वाचला. माझीही पद्मिनी आहे, १९९८ ची, एस-वन मॉडेल. तुमचे कागदी नमुने टाकून दिले नसतील तर मला हवे आहेत, उसने.

आबांचीगाडी
जपून ठेवलेत, न्या. पण एस-वनला गिअर खाली जमिनीवर आहे, त्यामुळे मधल्या उंचवट्याचा तुकडा तुम्हाला नव्याने कापावा लागेल. मागचे दोन कागद आधी न कापता जसेच्या तसे ठेवून बघा, बसतील असं वाटतं. ड्रायव्हरच्या कागदावर क्लचपाशी लाल पेनाची रेघ आहे, कापायचं त्या रेघेवर, कागदाच्या कडेवर नाही.