प्रतिसाद: वेग पाहायला जायचं

‘घरबसल्या स्क्रीनवर फिगर स्केटिंग दिसतं, मग जपानपर्यंत जायचं कशाला?’ असं वर विचारलंय. वेगासाठी! कॅमेरा खेळाडूसोबत फिरतो, त्यात वेग हरवतो.

मी गुहागरची. २०१९ची वर्ल्ड्स, म्हणजे फिगर स्केटिंगची जागतिक स्पर्धा, जपानमधल्या सैतामाला होती, तीही ऐन शिमग्यात. घरी पालखी आली तेव्हा मी नव्हते, आईला फार लागलं ते. पण जपानच्या युझुरू हान्यूने क्वाड टो-लूपला (चार गिरक्यांची उडी) जोडून ट्रिपल ॲक्सल (साडेतीन गिरक्यांची उडी) मारला, आणि मग बर्फावर चाहत्यांनी फेकलेल्या पूह अस्वलांच्या खेळण्यांचा जो पाऊस पडला! रडले मी. सुवर्ण अमेरिकेच्या नेथन चेनचं, ३२३.४२ गुण, रास्तच होतं.

जमलं तर सरावसत्रंही बघा. संगीत थांबलं की स्केट्सच्या पात्यांची खरखर स्वच्छ ऐकू येते.